मागचा फलक पुसायचा कसा: लेन्सनिवडीच्या नोंदी

२ नोव्हेंबर

काम असं आहे. एका संस्थेच्या चाळीस जणांचे अर्धाकृती फोटो काढून द्यायचेत, त्यांच्याच सभागृहात. सभागृहाची लांबी नऊ मीटर. मागच्या भिंतीवर मोठा सूचनाफलक, त्यावर दहा सेंटिमीटर उंचीची ठसठशीत अक्षरं. शेजारी स्विचबोर्ड, वर ट्यूबलाइट. फलक हलवायचा नाही, पडदा लावायचा नाही. "मागचं ते ब्लर करता ना तुम्ही, तसं करा," एवढीच सूचना मिळाली.

लेन्स जितकी लांब तितकं मागचं जास्त विरघळणार, अशी माझी खात्री होती. म्हणून ७०-२०० एफ/२.८ (आधीचे आकडे फोकल लेंथचे, म्हणजे लेन्स किती 'लांब' ते मिलिमीटरमध्ये; एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं) भाड्याने आणायची ठरवली आणि एका दिवसाचे पैसेही भरून टाकले. ते परत मिळत नाहीत हे नंतर वाचलं. दरम्यान घरात आहे त्यावर चाचण्या करून बघतो: १८-५५ किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळालेली), ५० एफ/१.८, ५५-२५० आणि मैत्रिणीकडून आणलेली ८५ एफ/१.८. कॅमेरा क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरचा, २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा.

मॉडेल म्हणून भाचीचं डमी डोकं घेतलंय, केशरचना शिकायला वापरतात तसलं. पापणी हलवत नाही, कंटाळत नाही, आणि केस खरे असल्यामुळे कडा कशा दिसतात तेही कळतं. घरात सगळे तिला 'काकू' म्हणायला लागलेत.

३ नोव्हेंबर

अख्खी संध्याकाळ वाया.

ट्रायपॉड एका जागी रोवला, काकूंना दोन मीटरवर बसवलं, त्यांच्यामागे सहा मीटरवर दिव्यांची माळ लावली आणि एकामागून एक लेन्स बदलत गेलो. २५० ने मागच्या दिव्यांचं पार पीठ केलं. मी खूश. मग फोटो शेजारी शेजारी लावून बघितले तर २५० च्या फ्रेममध्ये काकूंचा एक डोळा आणि नाक, आणि १८ च्या फ्रेममध्ये काकू कुठे आहेत ते शोधावं लागतंय. मला अर्धाकृती फोटो हवाय. चेहरा सगळ्या फोटोंत सारखा नसेल तर तुलना कसली?

५ नोव्हेंबर

आता चेहऱ्याचा आकार पक्का केला. एका काठीवर साठ सेंटिमीटरची मापनपट्टी चिकटवली, काठी काकूंच्या खांद्याला बांधली. कॅमेरा उभा. पट्टीचं वरचं टोक फ्रेमच्या वरच्या कडेला आणि खालचं टोक खालच्या कडेला टेकेपर्यंत मागेपुढे व्हायचं. उभ्या फोटोत ६००० पिक्सेल म्हणजे ६०० मिलिमीटर, म्हणजे काकूंच्या चेहऱ्यापाशी दहा पिक्सेल बरोबर एक मिलिमीटर. साठचा आकडा मी सहज धरला होता, पण पुढे सगळा हिशोब त्याने सोपा केला. करून बघणाऱ्याने आपल्या सेन्सरला सोयीचा असाच आकडा धरावा.

तरीही चूक झालीच. ट्रायपॉड एकदा छान लेव्हलला आणलेला, तो हलवायचा कंटाळा आला म्हणून मी काकूंनाच मागेपुढे सरकवत राहिलो. म्हणजे प्रत्येक लेन्सला काकू आणि दिवे यांच्यातलं अंतर वेगळं! रात्री वहीत आकडे मांडताना ते लक्षात आलं. अडीच तास गेले. उद्या काकूंच्या जागी खडूची खूण, दिव्यांच्या जागी खडूची खूण. हलेल तो कॅमेरा.

६ नोव्हेंबर

घरातला बोळ अकरा मीटरचा. २५० ला काकूंपासून साधारण ६.६ मीटर मागे जावं लागतं, त्यात मागचे सहा मिळवले की १२.६. बोळ संपला. सगळा संसार उचलून गच्चीवर.

गच्चीवर वारा. माळ झुलते, फोटोतल्या धूसर दिव्यांच्या चकत्या फराट्यासारख्या ओढल्या जातात. शेवटी माळ एका आडव्या काठीला जागोजागी करकचून बांधली. मग शटर १/५०० सेकंदावर ठेवलं तर काही दिवे उजळ, काही जवळजवळ विझलेले. स्वस्त माळा अशा लुकलुकतात, डोळ्यांना कळत नाही, पण वेगवान शटरला कळतं. १/६० वर आणलं, सगळे सारखे आले.

किट लेन्सनेही एक गंमत केली. १८ वर असताना एफ/३.५ लावला, ५५ पर्यंत झूम केलं, कॅमेऱ्याने गुपचूप ५.६ केला आणि मी वहीत ३.५ लिहून मोकळा. फाइलीतली माहिती उघडली तेव्हा सापडलं. झूम केल्यावर ॲपर्चर (लेन्सचं भोक) आकसतं अशी लेन्स असेल तर वहीवर नाही, फाइलीवर विश्वास ठेवा.

दिवे सहा मीटर मागे, प्रत्येक लेन्स पूर्ण उघडी, फ्रेमच्या मधल्या चकतीचा व्यास पिक्सेलमध्ये:

किट ५५ वर, एफ/५.६: ७६
५० एफ/१.८: २२२
८५ एफ/१.८: ३३६
२५० एफ/५.६: २०८

शेवटचा आकडा बघून मी पट्टी, फोकस, खडूच्या खुणा सगळं परत तपासलं. तासाभराने पुन्हा मोजलं तर २११. हातभर लांब २५० ला मुठीत मावणाऱ्या पन्नासने मागे टाकलं होतं.

कारण कागदावर मांडलं तेव्हा पटलं. फोकल लेंथला एफच्या आकड्याने भागलं की लेन्सचं भोक किती मोठं ते कळतं. पन्नासचं २७.८ मिलिमीटर, २५० चं ४४.६. भोक २५० चंच मोठं. पण ती उभी आहे ६.६ मीटरवर, आणि तिथून दिवे १२.६ मीटरवर, म्हणजे काकूंच्या दुप्पटसुद्धा लांब नाहीत. भोकाचा जेमतेम ४८ टक्के भाग कामी येतो (६ भागिले १२.६). पन्नास १.३३ मीटरवर उभी, तिच्यापासून दिवे ७.३३ वर, म्हणजे ८२ टक्के. २७.८ चे ८२ टक्के म्हणजे २२.७ मिलिमीटर, दहा पिक्सेलने गुणलं की २२७. मी मोजले २२२. लेन्सवर छापलेले आकडे गोल केलेले असतात, तेव्हा एवढा फरक पडणारच.

मग मागचं खूप लांब असेल तर? गच्चीवरून दूरच्या टॉवरचा लाल दिवा दिसतो. काकूंना फिरवून तो मागे घेतला. २५० ने ४४० ची चकती दिली, पन्नासने २७५ ची. आता लांब लेन्सची सरशी. डोंगर, समुद्र, दूरचे दिवे मागे घेऊन काढलेले फोटो बघून आपण म्हणतो लांब लेन्स घ्या. माझी भिंत मात्र सभागृहातली आहे.

८ नोव्हेंबर

दिवे काकूंच्या मागे अर्ध्याच मीटरवर आणले. पन्नास: ७५. पंच्याऐंशी: ८५. किट: २५. २५०: ३०. सहा मीटरवर पन्नास आणि पंच्याऐंशीमध्ये शंभरावर पिक्सेलचं अंतर होतं, इथे दहाचं. माणूस भिंतीला टेकून उभा असेल तर लेन्स बदलून काहीही होत नाही, त्याला पुढे ओढा.

या धूसरपणाच्या पोताला 'बोके' म्हणतात. शब्द जपानी आहे, पण मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर आधी मांजरंच येणार. आणि गंमत म्हणजे ती येतातही: लेन्स पूर्ण उघडी असली की फ्रेमच्या कोपऱ्यातल्या चकत्या गोल राहत नाहीत, लिंबासारख्या, मांजराच्या डोळ्यासारख्या होतात. तिरका येणारा प्रकाश लेन्सच्या नळीच्या कडांवर थोडा अडतो म्हणून. हे लक्षात न घेता मी ८५ च्या पहिल्या फेरीत कोपऱ्यातली चकती आडवी मोजली होती आणि चाळीसेक पिक्सेल कमी लिहिले होते. वर दिलेले आकडे दुरुस्त केलेले आहेत. मोजायची तर मधलीच चकती मोजा. पन्नासचं ॲपर्चर एफ/२.८ केलं तेव्हा कोपऱ्यातले बोके बरेच गोल झाले, पण मग मधल्या चकत्यांना सात कोपरे फुटले, कारण आत पाती सात आहेत.

१० नोव्हेंबर

आजची चाचणी खरी, कारण मला दिवे पुसायचे नाहीत, अक्षरं पुसायची आहेत. दहा सेंटिमीटर उंचीची अक्षरं छापून कागद काकूंच्या मागे सहा मीटरवर टांगला. २५० फार तर ५.६ पर्यंत उघडते म्हणून तिन्ही लेन्सेस ५.६ वर ठेवल्या: ५०, ८५, २५०.

स्क्रीनवर पाहिलं तर २५० च्या फोटोत मागचं एकदम मऊ, पन्नासच्या फोटोत खडबडीत. अपेक्षेप्रमाणे. मग पन्नासच्या फोटोतला कागद मोठा करून २५० च्या फोटोतल्या कागदाएवढा केला आणि दोन्ही शेजारी ठेवले.

अक्षरं दोन्हीत सारखीच. तीच अक्षरं वाचता येत होती, तीच येत नव्हती. 'क' चा गोल दोन्हीकडे तितकाच भरलेला, 'श' दोन्हीकडे तितकाच संशयास्पद. पन्नासचा कागद मोठा केल्यामुळे थोडा दाणेदार, फरक तेवढाच. ८५ चाही तोच प्रकार.

मला हे मान्य करायला रात्र लागली. चकती फोटोत न मोजता कागदाच्या जागी मोजायची म्हटली तर फोकल लेंथ हिशोबातून उडूनच जाते. उरतं काय? मागचं अंतर (काकूंपासून कागदापर्यंतचं), चेहरा फ्रेममध्ये किती मोठा, आणि एफचा आकडा. माझ्या फ्रेमसाठी: मागचं अंतर भागिले २६.५, भागिले एफ. सहा मीटर आणि ५.६ ला ४ सेंटिमीटर, मग लेन्स पन्नासची असो की अडीचशेची. (२६.५ हा आकडा माझ्या सेन्सरचा आणि साठ सेंटिमीटरच्या फ्रेमचा. साठला २.३५ ने भागून एक मिळवला. तुमचा वेगळा येईल.)

लांब लेन्स मागचं जास्त पुसत नाही. ती मागच्या भिंतीचा छोटा तुकडा उचलून मोठा करते, आणि त्याबरोबर चकतीही मोठी होते. म्हणून मऊ दिसतं. इतकी वर्षं मी 'मऊ दिसणं' आणि 'वाचता न येणं' एकच समजत होतो.

११ नोव्हेंबर

दुपारी बाहेर उन्हात ८५ घेऊन गेलो, सहज. एफ/१.८ वर फोटो पांढराफटक. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला एफ/१६ आणि १/१०० धरलं तर एफ/१.८ ला जवळपास १/८००० लागतं, माझा कॅमेरा १/४००० वर थांबतो. एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावल्याशिवाय इथे मोठ्या भोकाचा उपयोग शून्य. शिवाय मीटरभर मागच्या वाळक्या काटक्यांनी प्रत्येक काडीच्या दोन दोन रेघा काढून दाखवल्या. डोळ्यांना टोचतं ते. हे काम सभागृहात आहे याचा आज पहिल्यांदा आनंद झाला.

१३ नोव्हेंबर

भाड्याची ७०-२०० आली. पैसे भरलेच होते तर सभागृहातच तालीम करून टाकली. लेन्स दीड किलोच्या आसपास, ट्रायपॉडचं डोकं सारखं खाली झुकतं. काकूंना रिक्षातून मांडीवर घेऊन गेलो, त्यावर न बोललेलंच बरं.

नऊ मीटरपैकी अर्धा मीटर मला उभं राहायला. उरले साडेआठ, आणि ते कॅमेरा ते माणूस आणि माणूस ते भिंत असे वाटून घ्यायचे. लेन्सची खरी किंमत इथे कळली. २०० लावली की मला माणसापासून ५.३ मीटर मागे जावं लागतं, म्हणजे माणसामागे उरले फक्त ३.२. पंच्याऐंशीला २.२५ पुरतात, मागे सव्वासहा उरतात. पन्नासला मागे सात मीटरच्याही वर.

२०० एफ/२.८: फोटोतली चकती हिशोबाने २६९ पिक्सेल, पण भिंतीवर पसरट फक्त ४.३ सेंटिमीटर. दहा सेंटिमीटरचं 'सूचना' डोळे बारीक केले की वाचता येतं! एवढी महाग, एवढी जड लेन्स, आणि फलक हसतोय माझ्याकडे बघून.

८५ एफ/१.८: चकती ३४७, भिंतीवर १३ सेंटिमीटर. अक्षरापेक्षा मोठी. फलक म्हणजे एक फिकट चौकोन.

५० एफ/१.८: चकती २३५, पण भिंतीवर १५ सेंटिमीटर. अक्षरं सगळ्यात जास्त इथेच पुसली गेली. मग पन्नासच का नाही घेतली? कारण तिच्या फ्रेममध्ये भिंतीचा अडीच मीटर रुंद आणि पावणेचार मीटर उंच पट्टा येतो. ट्यूबलाइट आली, स्विचबोर्ड आला, फरशीही आली, आणि ट्यूबलाइट धूसर झाली तरी डोक्यावर पांढरा दांडा म्हणून उरतेच. शिवाय १.३३ मीटरवरून नाक जरा पुढे येतं, काकूंचंसुद्धा. पंच्याऐंशीत भिंत दीड मीटर रुंद, सव्वादोन उंच. कॅमेरा किंचित खाली घेतला की ट्यूब बाहेर.

२०० च्या बाजूने एकच गोष्ट. तिच्यात भिंत फक्त ६४ सेंटिमीटर रुंद दिसते, तेव्हा फलक आणि स्विचबोर्ड यांच्यामधला कोरा तुकडा नेमका मागे घेता येतो. एका माणसाला ते जमेल. चाळीस जण एकामागून एक येऊन उभे राहणार, कोणी डावीकडे कलणार, कोणी उजवीकडे. प्रत्येकाला "थोडं इकडे, थोडं तिकडे" करत बसलो तर दिवस मावळेल.

८५ घेतली.

१५ नोव्हेंबर

घरच्या माणसांवर तालीम. काकूंनी एक गोष्ट शिकवली नव्हती: माणूस श्वास घेतो. एफ/१.८ ला या फ्रेममध्ये तीक्ष्ण दिसणारा पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटरचा. चेहरा जरा वळलेला असला की जवळचा डोळा लख्ख, लांबचा झोपेत. मधल्या फोकस बिंदूने डोळा धरून मग फ्रेम खाली वळवायची माझी जुनी सवय इथे नडली, बारापैकी पाच फोटो भुवईवर बसले. फोकस बिंदूच डोळ्यापर्यंत सरकवला तेव्हा कुठे सुधारणा.

एफ/२.२ केला. पट्टा सहा सेंटिमीटरपर्यंत गेला, भिंतीवरची चकती १०.७ वर आली. अक्षराच्या उंचीपेक्षा अजून मोठी. इथेच थांबतो. २.८ ला साडेआठ होते, तीही चालली असती, पण फलकाचा मला आता रागच आलाय.

१८ नोव्हेंबर

चाळीस जण. अडीच तास धरले होते, चार लागले. जमिनीवर पायांसाठी पट्टी चिकटवली होती, तरी फोटो म्हटलं की माणूस नकळत मागे सरकतो. दर दोन मिनिटांनी "पट्टीवर या." आयएसओ ८००, १/१२५, एफ/२.२. प्रत्येकाचे तीन फोटो. रात्री तपासले: तीन जणांचे तिन्ही फोटो फोकसबाहेर, एकाच्या चष्म्यात ट्यूबलाइट. तीनच काढायला नको होते, पाच काढायला हवे होते. फलक एकाही फोटोत वाचता येत नाही.

२१ नोव्हेंबर

चौघांचे फोटो पुन्हा काढले. निघताना संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "सगळं छान झालंय हो, पण फलकावर वर संस्थेचं नाव आहे, ते कुठेच आलं नाही. माझ्या एकट्याच्या फोटोत तेवढं वाचता आलं पाहिजे."

वही काढली. मागचं अंतर भागिले २६.५, भागिले एफ. त्यांना भिंतीपासून दोन मीटरवर उभं केलं, ८५ चं ॲपर्चर ५.६ केलं: १.३ सेंटिमीटर. आयएसओ ५००० पर्यंत चढवावा लागला, कोटाच्या काळ्या भागात थोडे दाणे आलेत. नाव पहिल्याच फोटोत वाचता आलं. काकू संध्याकाळी भाचीकडे परत गेल्या, काठीच्या चिकटपट्टीला त्यांचे बरेच केस राहिलेत.